मागच्या स्पीकरमधला टॉर्फिन

चार वाजून आठ मिनिटं झाली, तसा हाल्डिसच्या दिवाणखान्यात कुणी कपही वाजू देईना. सतरा माणसं होती. पाच सोफ्यावर, सहा जेवणाच्या खुर्च्यांवर, उरलेली भिंतीला टेकून. सगळ्यांचे बूट दाराशी आणि पायांत लोकरी मोजे. स्टावॉय बेटावर हिवाळ्यात उरतात जेमतेम पंच्याऐंशी डोकी. म्हणजे बेटाचा पाचवा हिस्सा त्या खोलीत बसून एका मेलेल्या माणसाची वाट बघत होता. बाहेर तासाभरापूर्वीच अंधार पडला होता. टेबलावर वाफल्स होते, तपकिरी चीज होतं, आणि कुणी शिवलं नव्हतं. बेटावर वाफल्स तसेच राहिले म्हणजे प्रकरण गंभीर समजायचं.

दाराच्या चौकटीशी इंगुन उभी होती, अंगात अजून कोट. दुपारच्या बोटीनं ती बर्गेनहून आली होती. हाल्डिस तिची आई, आणि ज्याची वाट बघणं चाललं होतं तो टॉर्फिन तिचा बाप. ऑक्टोबरात बोटीच्या शेडमध्ये इंजिन खोलता खोलता तो छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. आठवडाभरापूर्वी आई फोनवर म्हणाली होती, "बाबा रोज येतो गं, चारनंतर. बोलतो." आई हे इतक्या साध्या सुरात म्हणाली, की इंगुननं त्याच रात्री सुट्टीचा अर्ज टाकला.

टीव्हीशेजारी योनार लुंडे उभा होता. मुख्य भूमीवरून आलेला, घरं 'शुद्ध' करून देणारा गृहस्थ. पांढरा स्वेटर, हातात चिमट्यासारखा एक स्टीलचा काटा, गाणं शिकवणारे सूर बघायला वापरतात तसला. आवाज इतका मऊ, की दोन वाक्यांत समोरच्याला जांभई यावी. त्यानं काटा गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला.

"सेकंदाला चारशे बत्तीस कंपनं," तो म्हणाला. "घराचं कंपन जुळतंय. तो जवळ आहे. आज जरा लाजतोय, माणसं वाढलीत."

"लाजणारच," दुकानवाली बोर्गहिल्ड हळूच म्हणाली. "टॉर्फिनला गर्दी कधी चाललीच नाही." योनारला बेटावर बोलावून आणणारी हीच.

टीव्ही बंद होता. खालच्या फळीवर टॉर्फिनचा नवा ॲम्प्लिफायर तेवढा चालू होता, निळा दिवा लावून, आवाज शून्यावर. सिनेमातलं हेलिकॉप्टर डोक्यावरून गेल्यासारखं ऐकू यावं, पाऊस पाठीमागे पडावा, ही टॉर्फिनची कैक वर्षांची हौस. जुन्या दोन स्पीकरांवर त्याचं भागेना. उन्हाळ्यात त्यानं नवा संच मागवला: पुढे तीन, मागे दोन, आणि घुमणाऱ्या आवाजासाठी एक मोठा खोका. जोडायच्या आधीच तो गेला. नोव्हेंबरात बोट क्लबातल्या आठजणांनी एक दिवस काढून, केक-कॉफी करत, त्याच्या आठवणीखातर सगळं जोडून दिलं. एकाचं काम सगळ्यांनी मिळून उरकायची इथली रीतच आहे. त्या दिवशी सगळ्यांचे डोळे भरून आले होते. आणि चौथ्या दिवशी टॉर्फिन बोलायला लागला.

चार वाजून दहा मिनिटांनी तो आताही बोलला.

आवाज आला सोफ्याच्या मागून, वरच्या कोपऱ्यातल्या स्पीकरमधून. आधी एक घोगरा झटका, मग बोलणं. पुरुषाचा आवाज, जड, तोंडात लोकर कोंबल्यासारखा. एकही शब्द धड कळत नव्हता, तरी ते बोलणंच होतं. चढत होतं, उतरत होतं, मध्येच अडखळत होतं. सोफ्यावरच्या एका बाईनं डोळे गच्च मिटले. बोट क्लबाचा म्होरक्या आरनुल्फ, आयुष्य समुद्रावर काढलेला गडी, त्यानं हातातली बशी टेबलावर ठेवून दिली.

इंगुननं त्या कोपऱ्याकडे बघितलं. ती घाबरली, आणि इतरांपेक्षा जास्तच घाबरली, कारण बोलणं हाच तिचा धंदा. मेंदूच्या झटक्यानं ज्यांची वाचा गेली त्यांना ती रुग्णालयात पुन्हा बोलायला शिकवायची. यंत्राची खरखर कुठली आणि माणसाचा श्वास कुठला, हे तिला झोपेतही कळलं असतं. हा माणूस होता. तिच्या मागे आठ वर्षांचं शिक्षण होतं, आणि ते शिक्षणही तेच सांगत होतं.

"तो म्हणतोय," योनार डोळे मिटून बोलला, "माझी पोर आली."

खोलीभर एक श्वास खेचला गेला. पोर चांगली लाल कोट घालून दारात उभी होती, हे त्यातल्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. क्षणभर इंगुनच्याही आलं नाही.

"तो म्हणतोय, हाल्डिस, त्या गोळ्या घेत नाहीस ना?"

"नाही रे," हाल्डिस म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा खुलला होता. "नऊ दिवस झाले."

हे ऐकलं आणि इंगुनची पहिली भीती पार उडाली. तिच्या जागी दुसरी आली, आणि ती खरी होती. आईच्या हृदयात सहा वर्षांपासून धातूची झडप होती. ती झडप आपलं काम चोख करते, पण तिच्यावर रक्त साकळू नये म्हणून रोज एक गोळी, आयुष्यभर. गोळी चुकली की गुठळी धरते, गुठळी सुटली की थेट मेंदूत जाते. पुढचं इंगुन रोज बघत होती. तिच्या हाताखालचे निम्मे रुग्ण तिथूनच आलेले.

सगळे गेल्यावर ती स्वयंपाकघरात आईसमोर बसली. दोघींच्या मध्ये गोळ्यांचा डबा होता, आठवड्याच्या सात कप्प्यांचा. सातही भरलेले.

"आई, ही घे. आत्ता, माझ्यासमोर."

"एकवीस तारखेपर्यंत थांब ना. सगळ्यांत लहान दिवस झाला की तो वाटेला लागेल. मग घेते."

"कोण म्हणालं?"

"योनार. गोळीनं रक्त पातळ होतं, आणि पातळ रक्ताच्या माणसापाशी त्यांना टिकता येत नाही. पाय ठरत नाही त्यांचा."

"आई, तू पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंस."

"शिकवलं. आणि गणिताच्या बाईला नवऱ्याचा आवाज कळत नाही का?" हाल्डिसनं डबा बोटानं परत सरकवला. "मी काय खुळी नाही, इंगुन. मी तपासलंय. त्याचं यंत्र बंद केलं की तो गप्प होतो. लावलं की बोलतो. पुढचे स्पीकर कधी बोलत नाहीत, फक्त मागचे. योनार म्हणतो, गेलेली माणसं नेहमी आपल्या पाठीशीच उभी असतात."

"आणि बाबा रोज चार वाजून दहा मिनिटांनीच का येतो? वरती हजेरी असते का?"

आई हसली नाही. "तू ऐकलंस ना? मग सांग, ते माणसाचं बोलणं नव्हतं?"

इंगुनला खोटं बोलता येईना. "होतं," ती म्हणाली.

"मग झालं तर."

त्या शांततेत आईच्या छातीतली बारीक टिकटिक ऐकू येत होती. झडप उघडत होती, मिटत होती. इंगुन टिकटिक मोजत बसली. बाहेर जाऊन तिनं मुख्य भूमीवरच्या डॉक्टरला फोन केला. डॉक्टर म्हणाली, "उद्याच्या उद्या आण. इंजेक्शन लागेल, नुसती गोळी आता दिवसात काम करणार नाही. पण शुद्धीवरच्या बाईला मी धरून बांधून तर देऊ शकत नाही. ती यायला तयार आहे का?" तयार नव्हती. आवाज आहे तोवर होणारही नव्हती.

म्हणजे आवाज मोडायचा. कसा, ते तिला ठाऊक नव्हतं.

सकाळी ती सोफ्यावर बसली आणि फोनवर टिपलेलं आदल्या दिवसाचं बोलणं कानाला लावलं. अंगावर काटा येतच होता. तिनं तो येऊ दिला आणि रुग्णांच्या बाबतीत करते तेच केलं. शब्द सोडून दिले, ताल धरला. सुरुवातीला एकच काहीतरी तीनदा, अगदी सारखं. मग शांतता. मग बोलणं. मग पुन्हा शांतता, अठरा सेकंदांची. मग "हो हो" म्हटल्यासारखा एक छोटा हुंकार, आणि पुन्हा बोलणं. पुढची शांतता तीस सेकंद.

तिनं फोन खाली ठेवला. या शांततेत योनार आपली भाषांतरं भरत होता म्हणून ती कुणाला जाणवली नव्हती. माणूस असा थांबतो तो ऐकायला. कुणीतरी त्याला उत्तर देत होतं, आणि त्या उत्तराला तो हुंकार देत होता. मेलेला बाप इतक्या लांबून बायकोशी बोलायला आला आणि तिच्याकडे पाठ फिरवून तिसऱ्याशीच गप्पा मारतोय, हे काही तिच्या बापाला धरून नव्हतं.

मग ती गुडघ्यांवर बसून तारांच्या मागे लागली. पुढच्या स्पीकरांच्या तारा हातभर. मागच्या दोघांच्या तारा भिंतीच्या कडेकडेनं खिडकीखालच्या बाकाकडे गेल्या होत्या. तिनं बाक ओढला. मागे दोन भलीमोठी वेटोळी खिळ्याला टांगलेली, प्रत्येकात पंधरा-पंधरा मीटर तार, वर व्यवस्थित दोरीची गाठ. खलाशाची गाठ. हे आरनुल्फचं काम.

ती तिथंच बसून राहिली. समोर खिडकी, खिडकीपलीकडे शेजारचं अंगण आणि अंगणात ध्वजाचा खांब. ध्वजाचा खांब नाही असं घर बेटावर दाखवून द्यावं; त्यामुळे खांबाकडे कुणी बघतच नाही. इंगुननं आज बघितलं. खांबाच्या टोकापासून शेडच्या छपरापर्यंत एक काळी तार गेली होती. ध्वजाला एवढी तार कशाला लागते?

त्या घरात गाउते राहायचा. सत्तरीचा, एकटा, टेलिफोन खात्यातून निवृत्त. अकरा वर्षांत त्यानं बेटाला मान हलवून नमस्कार केला होता, त्यापलीकडे फार काही नाही. तो घुम्या आहे, हे सगळ्यांनी एकदा ठरवून टाकलं होतं. न कळवता कुणाच्या दारात जायचं नाही हा इथला दंडकही तो काटेकोर पाळायचा. इंगुननं दंडक मोडला.

"फोन करून यायचं असतं," दार किलकिलं करून गाउते म्हणाला.

"तुमच्या ध्वजाच्या खांबाला तार कसली आहे?"

त्यानं दार पूर्ण उघडलं आणि तिला शेडमध्ये नेलं. तिथं टेबलावर दूरदूरच्या माणसांशी बोलायचा रेडिओ होता, मायक्रोफोन होता, आणि भिंतभर जगातल्या कुठकुठल्या माणसांची कार्डं टाचलेली.

"रोज चार वाजून दहा मिनिटांनी?" इंगुननं विचारलं.

"उरुग्वेत एक टपालवाला आहे, निवृत्त. तेव्हा त्याच्याकडे दुपारचं जेवण आटोपतं." गाउते जरा ओशाळला. "सुरुवातीला तीनदा आपलं नाव पुकारायचं, मग तो येतो. हवामान सांगतो. सूप काय केलं ते सांगतो. मीही सांगतो."

हसावं की रडावं तिला कळेना. मग तिनं सगळं सांगितलं, स्पीकरपासून गोळ्यांपर्यंत. ऐकता ऐकता गाउतेचा चेहरा पडत गेला.

"मी टॉर्फिनच्या बायकोला छळत होतो," तो म्हणाला. "तार कापून टाक. आत्ता जा आणि काप. नाहीतर मीच बंद करतो."

"आज नको. मी तार कापली तर सगळे म्हणतील, पोरीनं बापाला घराबाहेर काढला. आई तर जन्मात माफ करणार नाही, आणि गोळीही घेणार नाही. त्या सतराजणांच्या देखत व्हायला हवं. चार वाजता तुम्ही बोला. पण सूप नको. दुसरं काही वाचा, आणि माझा फोन कानाशी ठेवा."

हे तिनं सकाळी अकराला ठरवलं. पुढे कित्येक दिवस ती त्या पाच तासांचा हिशेब स्वतःला मागत राहिली.

चार वाजता तीच माणसं, तेच मोजे. योनारनं काटा आपटला. हाल्डिस सोफ्याच्या मधोमध बसली होती, हातात कॉफीचा कप, निळा ठेवणीतला ड्रेस. इंगुनचा फोन खिशात चालू होता, पलीकडे गाउते.

आवाज आला. तोच, लोकर कोंबलेला.

"आज तो स्पष्ट आहे," योनार म्हणाला. "तो म्हणतोय, हाल्डिस, मी उंबऱ्याशी आहे. तो म्हणतोय, इथं प्रकाश आहे. इथं इंजिनाचा आवाज नाही."

"त्याला इंजिनाचा आवाज आवडायचा," आरनुल्फ पुटपुटला.

"आता नाही आवडत," योनार म्हणाला.

इंगुननं खिशात हात घातला. तेवढ्यात आईच्या हातातला कप कलला. कॉफी निळ्या ड्रेसवर सांडली, गरम, आणि हाल्डिसनं खाली बघितलंही नाही. उजवा हात मांडीवर पडला तो तिथंच राहिला. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला. ती बोलायला लागली. जड, घोगरं, एकही शब्द धड नाही. मागच्या स्पीकरमधून येत होतं थेट तसलंच.

योनारचा चेहरा एक क्षण उतरला. मग त्यानं संधी धरली.

"शिरला," तो कुजबुजला. "टॉर्फिन तिच्या अंगात शिरला. ती त्याच्या आवाजात बोलतेय. कुणी हात लावू नका."

काहीजण रडायला लागले. बोर्गहिल्डनं हात जोडले, तिचं बघून इतरांनी जोडले. हाल्डिस एकेकाच्या तोंडाकडे बघत बोलत होती, आणि सतरा माणसं मान खाली घालून ऐकत होती. इंगुननं झेप घेतली तर आरनुल्फनं तिचा दंड धरला. त्याची पकड जहाजाच्या दोराची होती.

"इंगुन, थांब पोरी. अर्ध्यावर तोडलं तर ती हातची जाईल."

"आरनुल्फ, सोड. तिला झटका आलाय."

"तुझा बाप आहे तो."

इंगुन आयुष्यात इतकी घाबरली नव्हती. एकेक मिनिट म्हणजे मेंदूचा एकेक तुकडा, हे तिला ठाऊक होतं, आणि या माणसांना ढकलून जाणं तिला शक्य नव्हतं. मोकळ्या हातानं तिनं फोन काढला, आवाज मोठा केला.

"गाउते, थांबा."

मागचा स्पीकर गप्प झाला.

"बोला."

स्पीकर बोलू लागला.

"थांबा. आता मला फोनवर सांगा, काय वाचत होता?"

फोनमधून गाउतेचा स्वच्छ, कोरडा आवाज खोलीभर पसरला. "बोटीचं वेळापत्रक. सोमवार ते शुक्रवार, पहिली बोट सहा पस्तीस. रविवारी पहिली बोट नाही. काय झालंय तिकडे?"

गाउते गप्प होता, स्पीकर गप्प होता, आणि हाल्डिस मात्र अजून बरळत होती. आरनुल्फनं तिच्याकडे बघितलं, स्पीकरकडे बघितलं, आणि त्याचा हात आपोआप सुटला.

"११३ ला फोन लाव," इंगुन त्याला म्हणाली. "सांग, मेंदूचा झटका, धातूची झडप, गोळी दहा दिवस बंद, चार वाजून चौदा मिनिटांना सुरुवात. हेलिकॉप्टर पाठवा."

ती आईपुढे गुडघ्यांवर बसली. "आई, हस बघू. दोन्ही हात वर कर." हाल्डिसनं केलं. अर्धाच चेहरा हसला, एकच हात वर आला. ते सगळ्यांनी पाहिलं. बोर्गहिल्डच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला.

हेलिकॉप्टरला चोवीस मिनिटं होती. आरनुल्फ माणसं घेऊन पळाला. मैदानावर गाड्या गोल लावून दिव्यांचा उजेड पाडायचा होता. योनार कोपऱ्यात काटा पिशवीत भरत होता. "मी तर कालच म्हणणार होतो, डॉक्टरांना दाखवून घ्या," तो कुणाला तरी सांगत होता. ऐकायला कुणी नव्हतं.

गाउते धावत आला, पायांत घरातल्या सपाता. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो या घरात येत होता. हाल्डिसला बघून तो दारातच थबकला. बोर्गहिल्डनं त्याला विचारलं, "तुझा आवाज टॉर्फिनच्या डब्यात कसा आला?" त्यावर त्यानं बाकामागची दोन्ही वेटोळी खिळ्यावरून उतरवून सगळ्यांपुढे जमिनीवर टाकली.

"यातून. लांब तार म्हणजे अँटेना. माझा रेडिओ चाळीस मीटरवर, तो यात शिरतो, इथून ॲम्प्लिफायरमध्ये. आवाजाचं बटण शून्यावर असलं तरी शिरतो, कारण तो मागच्या दारानं येतो. पुढच्या तारा आखूड, म्हणून त्या गप्प."

"पण ते बोलणं असलं कसं? मेल्यासारखं?"

"आम्ही आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. अर्धा भाग काढून घेतो, पलीकडचा रेडिओ तो परत जोडून घेतो. या डब्याला जोडता येत नाही. म्हणून बरळल्यासारखं." गाउते इतकं सलग बोलतो हे कुणाला माहीतच नव्हतं. "दुकानात एकदा विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. मला कुणी काही विचारतच नाही."

"केबल कापायची होती," भिंतीशी उभा असलेला क्लबातला एकजण खालमानेनं म्हणाला. "पण टॉर्फिनची नवीकोरी केबल. कुणाचा हात होईना. म्हटलं, राहू दे गुंडाळून."

इंगुन आईचा निकामी हात दोन्ही हातांत धरून बसली होती. हे सगळं तिला ऐकू येत होतं आणि त्यातल्या कशाचंही तिला देणंघेणं नव्हतं. आई तिच्या डोळ्यांत बघत तेच तेच बोलत होती, पुन्हा पुन्हा, एकाच तालात. शेवटी पंख्यांचा धडधडाट छपरावरून गेला.

रुग्णालयात गुठळी सापडली, वेळेत निघाली. डॉक्टर म्हणाले, आणखी तासाभरात सगळं हातचं गेलं असतं. उजव्या हाताला थोडीफार ताकद यायला दोन आठवडे लागले, वाचेला जास्त. इंगुननं स्वतःच्या आईला शिकवायचं नाही असा तिथला नियम, म्हणून दुसरी बाई शिकवायची आणि इंगुन काचेपलीकडे बसायची. पाणी. खिडकी. मंगळवार. आई एकेक शब्द ओढून काढायची. योनारचा एकदा निरोप आला की तो लांबून ऊर्जा पाठवतोय. इंगुननं त्याला उत्तर दिलं नाही. आरोग्य खात्याकडे तक्रार दिली.

जानेवारीत एके दिवशी हाल्डिसनं वही मागितली. डाव्या हातानं लिहायचा प्रयत्न केला, जमेना. मग ती सांगत गेली आणि इंगुननं लिहून घेतलं. त्याला सबंध दुपार लागली. मध्ये एका ठिकाणी इंगुनचा हात थांबला, तर आई म्हणाली, "लिही."

तो कागद स्टावॉयच्या दुकानात, बोटीच्या वेळापत्रकाशेजारी टाचला आहे. बोर्गहिल्डनं तो स्वतःच्या हातानं लावला आणि त्यानंतर ती त्या भिंतीकडे फारशी बघत नाही.

"त्या दिवशी माझ्या घरी जमलेल्या सर्वांस. माझा नवरा ऑक्टोबरात गेला. तो परत आला नाही. मला ते सोसवत नव्हतं म्हणून मी एका लबाडाचं ऐकलं, ही माझी चूक. कुणाच्या घरी पुन्हा असा आवाज आला, तर आधी तार कुठे जाते ते बघा आणि शेजाऱ्याचं दार वाजवा. फोन न करता गेलात तरी चालेल. डॉक्टरांनी दिलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, सांगणारा कुठूनही आलेला असो. आणि माणूस बरळायला लागला तर त्याचा अर्थ लावत बसू नका, ११३ ला फोन करा. मी त्या दिवशी काय बोलत होते, असं तुमच्यातले काहीजण इंगुनला विचारतात. टॉर्फिनचा निरोप वगैरे काही नव्हता. मला सगळं कळत होतं. मी म्हणत होते, माझा हात गेला, मला मदत करा. तुम्ही सतराजण हात जोडून ऐकत होतात."